'क्यूट' नाही, घाबरलंय ते!

प्राण्यांचे 'विचित्र' व्हिडिओ बघून आपण हसतो, हार्ट टाकतो आणि पुढे सरकतो. पण त्या प्राण्याला नेमकं काय म्हणायचं होतं? स्वतःच्याच एका रीलमुळे पडलेला हा प्रश्न.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही सगळी चुलत, आते, मामे भावंडं गावी जमलो होतो. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेलच. रात्रीची जेवणं उरकली होती, खळ्यात पत्त्यांचा डाव रंगात आला होता आणि तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ गोठ्यामागून ओरडत आला, "अरे चला लवकर, मागे काहीतरी आलंय! अंगभर खवले आहेत त्याच्या!" पत्ते तिथेच टाकून आम्ही मोबाइलचे टॉर्च लावत पळालो.

वारुळापाशी खवले मांजर होतं. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होतो. निमुळतं तोंड, लांब जाडजूड शेपटी आणि अंगावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले खवले. आमचे उजेड अंगावर पडले, तसं त्याने डोकं पोटाशी घेतलं, शेपटी वरून गुंडाळली आणि बघता बघता त्याचा गोळा झाला. "काय भारी आहे यार!" एकदम तीन-चार जण ओरडले. नऊ जण, नऊ मोबाइल. चुलतभावाने काठीने त्याला हलकेच ढकललं. गोळा अर्धा वळसा घरंगळला. सगळे हसले.

आणि मी काय म्हणालो माहितीये? "थांब थांब, फोकस गेला. परत कर."

त्याने परत केलं. दोनदा.

मग आजी आली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "दिवे मालवा आधी. कसली जत्रा भरवलीत? जीव मुठीत धरून बसलंय ते." आम्ही नाइलाजाने मागे फिरलो. अर्ध्या तासाने खिडकीतून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं.

मी मात्र तोवर रील टाकलं होतं. चौदा सेकंदांचं, मागे गाणं, वर 'कोकणातला पोकेमॉन' असं कॅप्शन आणि खाली गावाचं लोकेशन. सकाळपर्यंत चाळीस हजार व्ह्यूज! माझ्या रील्सनी तोवर पाचशेचा आकडा बघितला नव्हता. दात घासत घासत कमेंट वाचत होतो. 'सो क्यूट', 'हा कसला बॉल', 'मला पण पाहिजे एक'. मग मेसेज उघडले. अनोळखी अकाउंट, प्रोफाइलला फोटो नाही. "भाऊ, गाव हेच ना?" त्याखाली, "अजून आहे का तिथे?" आणि त्याखाली, "वजन किती असेल अंदाजे?"

तो शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. खवले मांजराचं वजन विचारणाऱ्याला त्याचं कौतुक नसतं. मी रील डिलीट केलं, अकाउंट ब्लॉक केलं. पण चाळीस हजार लोकांनी गावाचं नाव वाचलं होतं, ते काही डिलीट होत नाही. तेव्हापासून प्राण्यांचा कुठलाही 'भन्नाट' व्हिडिओ समोर आला की मला आधी तो गोळा आठवतो. हा लेख त्याच टोचणीतून लिहितोय.

गोळ्याचं गणित

त्या रात्रीनंतर मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि जे कळलं ते आमच्या रीलपेक्षा कितीतरी भन्नाट होतं. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा जवळचा संबंध नाही. अंगावर खवले असलेला हा एकमेव सस्तन प्राणी. जगात त्याच्या आठ जाती, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. ते खवले केराटिनचे, म्हणजे तुमची-आमची नखं ज्याची बनलेली आहेत त्याचेच. तोंडात एकही दात नाही. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं जेवण. त्यासाठी लांबलचक चिकट जीभ, जिचं मूळ घशात नसून पार छातीच्या पिंजऱ्याच्या मागच्या टोकाकडे असतं. चावता येत नाही म्हणून ते बारीक खडे गिळतं आणि पोटात त्या खड्यांनी अन्न दळलं जातं. वारूळ फोडताना मुंग्या आत शिरू नयेत म्हणून नाकपुड्या आणि कान बंद करता येतात. पिल्लू सहसा एकच होतं आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. धोका दिसला की आई त्याला पोटाशी घेऊन स्वतःचा गोळा करते.

या गोळ्यापुढे बिबट्या हात टेकतो. आफ्रिकेत सिंहसुद्धा टेकतात. पंजे मारतात, चावून बघतात, लोळवतात आणि कंटाळून निघून जातात. खवल्यांच्या कडा धारदार असतात आणि मऊ पोट, तोंड, डोळे सगळं आत सुरक्षित असतं. लाखो वर्षं चाललेली ही युक्ती. पळायचं नाही, भांडायचं नाही, ओरडायचंही नाही. गप्प पडून राहायचं, समोरचा कंटाळेपर्यंत.

या युक्तीत एकच शत्रू धरलेला नव्हता. तो म्हणजे माणूस. माणसाला तो गोळा उलगडायची गरजच नसते. तो उचलतो आणि पोत्यात टाकतो. वाघ-बिबट्यांपासून वाचवणारी सवयच इथे घात करते. पळणारा प्राणी पकडायला निदान त्याच्या मागे धावावं लागतं, इथे तर तो स्वतःच सामानासारखा बांधून तयार असतो. नखापेक्षा वेगळं काहीही नसलेल्या त्या खवल्यांना औषधी समजून मोठी मागणी आली आणि खवले मांजर जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये जाऊन बसलं. २०१६ साली आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून हे खवले काढून टाकले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ आहे त्याच पहिल्या अनुसूचीत खवले मांजर आहे. तरीही ते आजही पोत्यात भरलं जातं, कारण ते पळत नाही.

आणि आम्ही नऊ जण त्या रात्री त्याच्याभोवती उभे राहून हसत होतो, तेही ते पळत नव्हतं म्हणूनच.

गुदगुल्या कोणाला होतात?

आता तुम्ही म्हणाल, एका प्राण्यावरून काय एवढं! पण एकदा ही गोष्ट डोक्यात शिरली की जिकडे बघाल तिकडे तीच दिसायला लागते.

लोरिसचंच घ्या. २००९ च्या सुमारास एक व्हिडिओ जगभर फिरला होता. मोठ्या गोल डोळ्यांचा, टेडी बेअरसारखा एक इवलासा प्राणी पलंगावर बसलाय, कुणीतरी त्याच्या काखेत गुदगुल्या करतंय आणि तो मजेत दोन्ही हात वर करतोय. कोट्यवधी लोकांनी तो बघितला. 'अजून कर' म्हणून तो हात वर करतोय असंच सगळ्यांना वाटलं.

खरी गोष्ट अशी, की स्लो लोरिस हा विषारी दंश करणारा एकमेव वानरवर्गीय प्राणी आहे. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. धोका वाटला की तो हात वर करतो, म्हणजे तोंड त्या ग्रंथीपर्यंत पोहोचतं. तिथला स्राव चाटून लाळेत मिसळला की विष तयार. ते हात वर करणं म्हणजे 'अजून कर' नव्हतं, 'आता चावेन' होतं. शिवाय हा निशाचर प्राणी. ते टपोरे डोळे अंधारात बघण्यासाठी असतात आणि व्हिडिओत तो लख्ख उजेडात बसवलेला होता.

पुढे संशोधकांनी या व्हिडिओखालच्या बारा हजारांहून जास्त कमेंट तपासल्या आणि २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला पण असा एक पाळायचाय' असं म्हणणारे त्यात मोठ्या संख्येने होते. बाजारात विकायला आणलेल्या लोरिसचे दात अनेकदा कापलेले असतात, भूल न देता. चावू नये म्हणून. आपल्या ईशान्य भारतातल्या जंगलांत या स्लो लोरिसची एक जात राहते आणि दक्षिणेकडच्या जंगलांत त्याचा सडपातळ भाऊबंद. त्यामुळे ही गोष्ट कुठल्या तरी लांबच्या देशातली म्हणून सोडून देता येत नाही.

त्या कमेंट करणाऱ्यांतला एकही माणूस दुष्ट नसणार. मीही नव्हतो. आम्हा सगळ्यांना तो प्राणी आवडलाच होता. अडचण तीच आहे. आवडणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीवरच थांबतो.

दोन तोंडं, एक गैरसमज

हे सगळं मोबाइलमुळे झालं असं म्हणून जबाबदारी झटकायलाही मी तयार नाही. प्राण्यांचं चुकीचं वाचन आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

मांडूळ ऐकलंय ना? 'दुतोंड्या साप'. त्याला दोन तोंडं नसतात. त्याची शेपटी आखूड, बोथट आणि डोक्यासारखी दिसणारी असते, इतकंच. हल्ला झाला की मांडूळ खरं डोकं वेटोळ्यांखाली लपवतं आणि शेपटी पुढे करतं. समोरच्याने डोकं समजून शेपटीवर वार केला तर जीव तरी वाचतो. अनेक मांडुळांच्या शेपटीवर अशा जुन्या वारांचे व्रण असतात. बिनविषारी, सुस्त, बिळात राहून उंदीर खाणारा हा साप. शेतकऱ्याचा खरा मित्र. पण 'दोन तोंडं' दिसली आणि माणसाच्या डोक्यात गुप्तधन शिरलं. मांडूळ धन दाखवतं, मांडूळ पैसा आणतं, जितकं वजन जास्त तितकी किंमत जास्त, असल्या अफवांवर आजही सौदे होतात. मांडूळ विकायला आलेली टोळी सापळा लावून पकडली, ही बातमी तुम्ही याच पेपरच्या आतल्या पानावर कधी ना कधी वाचली असेल. खोटं डोकं दाखवून मुंगसाला फसवता आलं, पण माणूस नको तितका फसला आणि आता त्याच खोट्या डोक्यापायी खरं डोकं जातंय.

नागाचंही तेच. पुंगीवर नाग 'डोलतो' असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नागाला बाहेरचे कान नसतात. पुंगीच्या सुरांवर तो ताल धरत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या हातावर तो नजर ठेवून असतो. फणा काढणं हा नाच नाही, ती 'लांब राहा' अशी तंबी आहे. आणि टिटवी? रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असं आमच्याकडे अजून म्हणतात. टिटवी उघड्या माळावर, दगडगोट्यांत अंडी घालते. कुणी जवळून गेलं की ती जिवाच्या आकांताने ओरडते. उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. एवढ्या कष्टाने घर सांभाळणारी ती आई 'इथे माझी अंडी आहेत, बाजूने जा' म्हणून ओरडते आणि आपण समजतो, आपल्या घरात कुणाचं तरी बरंवाईट होणार!

यात एक गंमत लक्षात येते. प्राणी काहीही करो, ते आपल्यासाठीच चाललंय असं आपण गृहीत धरतो. कधी शकुन म्हणून, कधी धन म्हणून, कधी करमणूक म्हणून. रील हा त्याच जुन्या सवयीचा नवा अवतार आहे.

फोटोतलं सत्य

"पण कॅमेरा खोटं बोलत नाही ना!" असं माझा रूममेट म्हणाला. बोलतो, बिनधास्त बोलतो.

'जगातला सगळ्यात कुरूप प्राणी' म्हणून एका गुलाबी, लिबलिबीत, रडवेल्या चेहऱ्याच्या माशाचा फोटो तुम्ही शंभर टक्के बघितलाय. त्याचं नाव ब्लॉबफिश. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोहिमेने मतदान घेतलं, त्यात तो कुरूपांमध्ये पहिला आला. त्या मोहिमेचा हेतू चांगला होता. दिसायला गोंडस नसलेल्या प्राण्यांकडेही लक्ष जावं, असा. पण फोटोतला तो चेहरा त्या माशाचा नाहीच. ब्लॉबफिश ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या समुद्रात साधारण ६०० ते १२०० मीटर खोल राहतो. तिथे पाण्याचा दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या साठ ते एकशेवीस पट असतो. त्या दाबात टिकायला त्याचं शरीर जेलीसारखं झालंय. स्नायू कमी, अंग पाण्यापेक्षा किंचित हलकं, म्हणजे फार शक्ती न लावता तळाच्या जरा वर तरंगत राहता येतं. तिथे तो साध्या माशासारखाच दिसतो. जाळ्यात अडकवून त्याला वर ओढला की दाब नाहीसा होतो आणि शरीराचा आकार ढासळतो. आपण ज्याला कुरूप म्हणून हसलो तो चेहरा त्याला आपणच दिलेला आहे.

याहून वाईट उदाहरण लेमिंगचं. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातला उंदरासारखा छोटा प्राणी. लेमिंग कळपाने कड्यावरून उड्या टाकून आत्महत्या करतात, हे जगभर पसरलेलं 'ज्ञान'. ते पक्कं झालं १९५८ मधल्या डिस्नेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या माहितीपटामुळे. त्याला ऑस्करही मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडातल्या एका टीव्ही कार्यक्रमाने उघड केलं की ते दृश्य रचलेलं होतं. लेमिंग विकत आणले होते, फिरत्या चकतीवर ठेवून त्यांचा 'कळप' दाखवला आणि कड्यावरून त्यांना खाली ढकललं होतं. संख्या भरमसाट वाढली की लेमिंग जागा बदलतात आणि वाटेत नदी-तळी पोहून जाताना काही बुडतात, इतकंच खरं. ढकलणारे हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होते.

माझ्या रीलमध्येही काठी दिसत नव्हती. मी ती क्रॉप केली होती.

मग बघायचंच नाही का?

मी हे सगळं मित्रांना सांगितलं तेव्हा एक मैत्रीण चिडली. तिचं म्हणणं असं, "असं केलंस तर लोकांना कळणार कसं? आम्ही शहरात वाढलेलो. खवले मांजर हे नावसुद्धा मला रीलमुळेच कळलं. ज्या प्राण्याचं नावच माहीत नाही, त्याला कोण वाचवणार?"

तिचा मुद्दा मला पटतो. मनापासून पटतो. माझीही प्राण्यांची आवड टीव्हीवरच्या जंगलाच्या कार्यक्रमांपासूनच सुरू झाली. बघणं बंद करा, मोबाइल फेकून द्या, असं सांगणारा लेख मी वाचलाही नसता. उलट मला वाटतं, आपण पुरेसं बघतच नाही. चौदा सेकंदांत जे दिसतं त्यावर थांबतो. 'बघा काय करतंय' इथपर्यंत पोहोचतो, पण 'का करतंय' या प्रश्नापर्यंत जात नाही. आणि खरी मजा तर तिथेच आहे. घरंगळणारा गोळा बघून मला पाच मिनिटं हसू आलं. बिनदाताचा प्राणी खडे गिळून अन्न दळतो हे वाचून मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो.

बघण्याचेही प्रकार असतात. कोकणात चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था खवले मांजराच्या संरक्षणाचं काम करते. तिथे कॅमेरा ट्रॅप लावले जातात. प्राणी समोरून गेला की कॅमेरा आपोआप टिपतो. तिथे काठी नसते आणि हसणारी नऊ माणसंही नसतात. त्या चित्रांत खवले मांजर गोळा झालेलं नसतं. ते चालत असतं, हुंगत असतं, आपल्या कामाला निघालेलं असतं. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने तर २०२० मध्ये खवलोत्सव केला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत मिरवली. ज्या गावात त्याची पालखी निघते तिथे त्याचं पोतं भरणं जरा अवघड होतं. हाही एक प्रकारे 'कंटेंट'च की! फक्त त्यासाठी कुणाला घाबरवावं लागलं नाही.

सर्पमित्रांबद्दलही हेच म्हणेन. रात्री-अपरात्री फोन आला की स्वखर्चाने जाऊन साप आणि माणूस दोघांचाही जीव वाचवणारे सर्पमित्र मी बघितलेत, त्यांना सलाम. पण पकडलेल्या नागाला शेपटीने धरून दहा मिनिटं फिरवायचं, त्याचा मुका घ्यायचा आणि त्याचा व्हिडिओ करायचा, याला मैत्री कशी म्हणायची? मित्राला असं लोंबकळत कोण ठेवतं?

म्हणून मी स्वतःपुरती एक साधी सवय लावून घेतलीय. कुठलाही प्राण्याचा व्हिडिओ शेअर करण्याआधी तीन प्रश्न. एक, हा प्राणी इथून निघून जाऊ शकतोय का, की त्याला धरलंय, कोंडलंय, घेरलंय? दोन, कॅमेरा नसता तर तो हेच करत असता का? तीन, हे बघून एखाद्या चुकीच्या माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मे 'क्यूट' व्हिडिओ गळतात. तिसऱ्यासाठी लोकेशन बंद ठेवायचं, बास. आणि घराजवळ असा प्राणी आलाच तर उजेड बंद करायचा, कुत्री बांधायची, त्याला जायला वाट द्यायची. तो जखमी असेल, विहिरीत पडला असेल किंवा कुणी पकडून ठेवला असेल, तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवायचा. स्वतः उचलायचं नाही. आपल्याला ती मदत वाटते, पण त्याच्या लेखी बिबट्याच्या पंजात आणि आपल्या हातात फरक नसतो.

यामुळे जगातली तस्करी थांबणार नाही, हे मला कळतं. मोठ्या टोळ्या माझ्या रीलवर अवलंबून नाहीत. पण त्या दिवशी जो कोणी वजन विचारत होता, त्याला गावाचं नाव मीच दिलं होतं ना? तेवढं तरी माझ्या हातात होतं.

दिवाळीत परत गावी गेलो. पाच महिने मनात एकच धाकधूक होती, पण विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला विचारलं, "ते परत आलं होतं का गं?" ती काही बोलली नाही. हात पुसले आणि मला गोठ्यामागे घेऊन गेली. वारूळ एका बाजूने फोडलेलं होतं. ताजी, ओलसर माती बाहेर पडली होती आणि मातीत नखांचे लांब ओरखडे होते.

"परवाच येऊन गेलं," आजी म्हणाली. "तेच असेल किंवा दुसरं. ओळखायला ते काय आपलं नाव सांगतंय?"

मी वारुळाचा फोटो काढला आणि तोच टाकला. लोकेशन नाही, गाणं नाही. खाली फक्त लिहिलं, 'इथे रात्री कुणीतरी जेवून गेलं.' अकरा लाइक्स आले. त्यातला एक चुलतभावाचा होता आणि त्याने खाली विचारलं होतं, "एवढ्या वाळवीत त्याचं पोट भरत असेल का रे?"